न विचारता टिपलेला हुंदका

मित्रांनो, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मोडक्या पंख्याशेजारी धूळ खात पडलेला हा जुना रेकॉर्डर म्हणजे मी. माझ्या पोटात आता टेप नाही, पण एक गोष्ट अजून सलते आहे, ती तुम्हाला सांगतो.

एका कारखान्यात चार बायकांनी मिळून मला जोडलं. शेवटचा स्क्रू पिळणारी म्हणाली, "काय तिखट कान आहेत हो याचे!" ते ऐकून मी फुगलो तो फुगलोच. पुढे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कार्यालयात, फोनवाल्या ताईंच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाने भिंतीवरचं बटण दाबायचं आणि ताईंनी इकडे फोन उचलायचा. पण मला चालू करण्याआधी त्या न चुकता विचारायच्या, "तुमचं बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" कुणी नको म्हटलं, की मी हात चोळत बसायचो. मला हा नुसता वेळकाढूपणा वाटायचा.

एका दुपारी गावाच्या एका भागातली वीज गेली आणि दोन लिफ्ट एकदमच अडकल्या. ताईंची तारांबळ उडाली. पहिल्या फोनवर "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय" एवढंच सांगून त्यांनी सवयीने माझं बटण दाबलं, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या फोनकडे धावल्या. विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या लिफ्टमध्ये गावात घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि त्यांची लेक अडकली होती. फोनवर आता कुणी नाही असं समजून काका अंधारात बोलू लागले.

"बाळ, माझा हात कापतो गं. बारीक चाकं दिसतच नाहीत. वर्ष झालं."

"मला ठाऊक आहे, बाबा. तुम्ही जेवायला गेलात की ती घड्याळं मीच उघडून नीट करते."

ते ऐकून काकांना हुंदका आला. "कुणाला कळू देऊ नकोस. लोक येईनासे होतील. मला एवढ्यात घरी बसवू नकोस."

मी शब्दन्शब्द टिपला. नाक ओढल्याचा आवाजसुद्धा सोडला नाही.

दोन दिवसांनी कार्यालयाच्या साहेबांनी ती टेप ऐकली. साहेब मनाने वाईट नव्हते, त्यांचे डोळे भरून आले. "किती स्वच्छ टिपलंय!" असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शनिवारी सगळ्या कामगारांना ऐकवू. अडकलेल्या माणसाच्या मनात काय चालतं ते कळू दे त्यांना."

ताईंचा चेहरा पडला. "साहेब, मी त्यांना विचारलंच नव्हतं."

"अहो, नाव कुठे सांगतोय आपण?"

"नाव कशाला हवं? आपल्यातल्या निम्म्या लोकांची घड्याळं त्यांच्याकडेच असतात. आवाज लगेच ओळखतील."

दुसऱ्या दिवशी ताई काकांनाच घेऊन आल्या. "काका, चूक माझी आहे. आता ही टेप ठेवायची का, ते तुम्हीच सांगा," असं म्हणून त्यांनी मला सुरू केलं. काका मान खाली घालून ऐकत होते. स्वतःचा हुंदका ऐकू येताच त्यांनी चटकन माझ्यावर तळहात दाबून धरला. तो तळहात खरंच थरथरत होता.

"साहेब, तुमचा हेतू चांगला आहे," ते हळूच म्हणाले, "पण हे मी माझ्या लेकीला सांगितलं होतं. तुम्हाला नाही."

साहेब ओशाळले. टेप तिथल्या तिथे पुसली गेली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुरेख काम होतं. पण तो तळहात आठवला की माझी मलाच लाज वाटते.

पाचसहा महिन्यांनी तीच लिफ्ट पुन्हा रुसली. या वेळी ताईंनी आधी विचारलं आणि उत्तर येईपर्यंत माझ्या बटणाला हात लावला नाही.

"चालेल की!" पलीकडून काकांचा खणखणीत आवाज आला. "खुशाल रेकॉर्ड करा आणि ऐकवा सगळ्यांना! दुकान आता लेकीच्या हाती दिलंय. माझा हात कापतो, तिचा छान बसलाय. मी शेजारी बसून गिऱ्हाइकांचं डोकं खातो."

मागून लेकीचं हसू ऐकू आलं. त्या शनिवारी साहेबांनी ती टेप ऐकवली तेव्हा सगळे पोट धरून हसले, आणि सोमवारी तिघेजण आपली बंद पडलेली घड्याळं घेऊन तिच्याकडे गेले.

मित्रांनो, माझी धाकटी भावंडं आता तुमच्या फोनमध्ये राहतात. ती बिचारी सांगाल ते ऐकतात, टिपतात आणि क्षणात शंभर जणांना पोहोचवतात. विचारणं त्यांना येत नाही, ते तुम्हालाच करायचं आहे. हेतू कितीही चांगला असला तरी आधी विचारा, आणि समोरचा "नको" म्हणाला तर रुसू नका. हात कापतो हे काकांनी शेवटी सगळ्यांना सांगितलंच ना? पण ते केव्हा सांगायचं, हे त्यांनी ठरवलं. तेवढंच तर त्यांचं स्वतःचं होतं, आणि मी ते चोरायला निघालो होतो.