दीडची सुट्टी

"ताई, तुमच्या तक्त्यात आम्ही रोज दीडला जेवतो. एकदा खांबाखाली येऊन बघा," असं लाईनमन मामांनी सहा महिन्यांपूर्वी तिला सांगितलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. बाळंतपणाची रजा संपवून ती वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात नुकतीच परतली होती. लाईन बंद झाल्याची खात्री करून खांबावर चढायचं परमिट देणं हे तिचं काम. शिवाय रोज सकाळीच सगळ्यांच्या नावापुढे 'दीड ते दोन, विश्रांती' लिहून टाकायचं. आधीची बाई तसंच करायची, म्हणून हीही.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, मामांचा खांबाखालून फोन आला. लाईन बंद झाली का? ती म्हणाली, अजून नाही, थांबा. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, तिचं तेच उत्तर. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "बंद झाली म्हणालात ना? चढतो मग."

हा झोप न झालेला आवाज तिच्या ओळखीचा होता. बाळाला दात येत होते तेव्हा एका पहाटे ती रिकामं पातेलं ढवळत उभी होती. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि तिला झोपायला पाठवलं होतं.

तिने मामांना जागचं हलू दिलं नाही, फोन सोबतच्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायला लावला. तो म्हणाला, काल सकाळी सातपासून निघालोत, गाडीत लागला असेल तेवढाच डोळा. तिने बोटांवर मोजलं. बत्तीस तास. आणि समोरच्या तक्त्यात तिच्याच वळणदार अक्षरात मामा निवांत विश्रांती घेत होते.

"शिडी काढा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मामांना गाडीत झोपवा. परमिट मिळणार नाही."

साहेब धावत आले. वीज आली नाही तर अर्धं शहर रात्रभर अंधारात राहणार होतं, फोन घणघणत होते. "अहो, वीस मिनिटांचं काम. मामा डोळे मिटून करतात."

"तेच होईल साहेब."

साहेबांनी हळू आवाजात आठवण करून दिली की तिची नोकरी अजून कायम व्हायची आहे. दीडच्या रकान्यावर तिने आडवी रेघ मारली, वर 'विश्रांती दिली नाही' असं लिहिलं आणि सही ठोकली. मग पेन पुढे केलं. "परमिट द्यायचंच, तर याखाली तुमचीही सही लागेल."

साहेबांनी पेन घेतलं नाही. कुरकुरत शेजारच्या विभागातून माणसं मागवली. दिवे साडेसातला आले. तोवर लोकांनी तिला फोनवर पोटभर शिव्या घातल्या. मामाही फुगले होते. आपल्याला म्हातारं ठरवलं म्हणाले. तिने तेही ऐकून घेतलं.

आता विश्रांतीचा रकाना कोरा असतो. माणूस खरंच विश्रांतीला बसला की फोन करतो, तेव्हाच ती लिहिते. तिचा कायम होण्याचा कागद कुठे अडकलाय, कोणी सांगत नाही.

पण बाकीच्या कचेऱ्यांत अजून सकाळीच लिहितात. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत कोणी खांबाला शिडी लावत असेल, तर लाईट कधी येणार ते राहू द्या. तो चढायच्या आधी विचारा, शेवटचं कधी झोपलात? उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, तर शिडी धरून ठेवा, त्याला चढू देऊ नका.