राणीचा पंजा

जुन्या महालाच्या वरच्या सज्जात भिंतीवर एका बाईचा पंजा उमटलेला होता, आणि शहर बघायला आलेला पाहुणा तो बघितल्याशिवाय परत जात नसे. कमानी, कारंजी, आरशांची खोली करून पाय बोलायला लागले की माणसं इथे येऊन थबकायची, कारण इथे राजे गोष्ट सांगायचा.

राजे म्हणजे गाईड. राजवाड्यातल्या भानगडी अशा सांगायचा की जणू काल रात्री जेवायला तिथेच होता. म्हणून लोकांनी नावच ते पाडलं. "राणी इथे वाट बघत उभी होती," तो आवाज खाली आणून म्हणायचा. "लढाईवरून निरोप आला, आणि तिने या भिंतीला हात टेकला. ओल्या चुन्यात तो तसाच राहिला." नेमकी त्याच दिवशी भिंत ओली कशी, हे आजवर एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. बायका डोळे पुसायच्या.

पंजा त्याच्या आईचा होता.

आई महालाच्या डागडुजीत गिलाव्याचं काम करायची. चुना घोटायच्या आधी भिंतीला तळहात लावून बघायचा. ओल लागली पण चुना हाताला चिकटला नाही, की घोटायला घ्यायचं. घोटताना हाताची खूण आपसूक बुजते. त्या दिवशी आईने हात लावला आणि तेवढ्यात कळ आली. सगळं अंग त्या एका हातावर टाकून ती उभी राहिली. तिला खाली आणलं, आणि फाटकापाशीच राजे जन्माला आला. आई कामावर परतली तोवर चुना दगड झाला होता. "राहू दे," मुकादम म्हणाला. "इतक्या वर कोण बघायला येतंय!"

राजेची थोरली बहीण तेव्हा घमेल्याशेजारी बसलेली होती. पुढे आईची थापी तिच्याच हातात आली. भावाने राणी उभी केली तेव्हा आई पोट धरधरून हसली होती. कधी गर्दीच्या मागे उभी राहून ऐकायचीसुद्धा.

"दिसायला कशी होते रे मी?"

"नाजूक."

"अगं बाई! मग घमेली कोण उचलत होतं?"

आई गेली. तिचा एक धड फोटो नव्हता. थोरली रोज कामाला चढण्याआधी सज्जात जायची, त्या पंजात आपला पंजा ठेवायची. आईची बोटं जरा आखूड होती. मग पदर खोचून परांचीवर.

आणि एके दिवशी जतन खात्याच्या मॅडम आल्या. पंजावर काच बसणार, पुढे कठडा, शेजारी राणीची पाटी.

"काच लावली तर मी हात कुठे ठेवू?" थोरलीने भावाला विचारलं.

"लांबून बघ ना, ताई. सगळं जग लांबूनच बघतं."

"जगाची आई नाहीये ती."

"हे बघ, कारंजी बंद, आरसे तडकलेले. राणी काढून घेतलीस तर मी दाखवू काय? भिंती?"

"भिंतींना काय झालं? मी करते त्या."

तो चिडून निघून गेला. थोरली मात्र दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेली. खरं सांगितलं तर राणी जाईल, काच जाईल, हात राहील, असा तिचा साधा हिशोब. मॅडमनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पंजा जुना नाही?"

"आहे की! माझ्या भावाएवढा."

मॅडम हसल्या. "बरं झालं बोललात. नाहीतर आम्ही डागडुजीतली चूक वारसा म्हणून मिरवली असती."

थोरलीने कप तसाच खाली ठेवला.

आठवड्यात हुकूम आला: चूक बुजवावी. मुकादमाने मान खाली घालून सांगितलं, "तू नाही म्हणालीस तर सिमेंटवाल्याला बोलावतील." आईच्या हातावर सिमेंट? थोरलीने थापी उचलली.

नवा चुना धरायचा तर जुन्यावर टाचे, म्हणजे छिन्नीचे घाव, मारावे लागतात. नाही मारले, तर एखाद्या पावसाळ्यात पापुद्रा सुटेल आणि पंजा पुन्हा बाहेर येईल, हे तिच्या मनात आलंच. ती नुसताच चुना थापायला लागली.

"टाचे?" मॅडम मागेच उभ्या होत्या.

तिने टाचे मारले. आधी करंगळीवर, मग एकेका बोटावर, तळव्यावर शेवटी. चुना चढवला. मग हात लावून बघितला, घोटला. ठिगळ ओळखू येईना. "सुंदर काम," मॅडम म्हणाल्या.

भाऊ तिच्याशी बोलेनासा झाला. धंदा मात्र बसला नाही.

चार दिवसांनी थोरली शेजारच्या कमानीत परांचीवर होती. खाली पाहुण्यांचा घोळका थांबला. "इथे," राजे कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "राणीचा पंजा होता. बुजवून टाकला हो!" आता त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

एक बाई हळहळली. "कुणाचा हात धजला असेल?"

राजेने वर बघितलं नाही. "असतात अशी माणसं," तो म्हणाला.

थोरलीने भिंतीला तळहात लावला. ओल होती, चुना चिकटत नव्हता. तिने घोटायला घेतलं.