शेजारचा तुकडा

बारक्या हे नाव पन्नाशी उलटलेल्या, शर्टाच्या बटणांची परीक्षा बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला शोभत नव्हतं. पण ते थोरल्या बहिणीनं ठेवलेलं, तेव्हा दाद मागणार कुणाकडे?

ताईच्या गळ्यातली गाठ काढली, त्या दिवशी यानंच छातीठोकपणे सांगितलं होतं, "ताई, कॅन्सर व्हायचाच तर थायरॉइडचा व्हावा. सज्जन माणूस. सहसा जागा सोडत नाही." टाके दुखेपर्यंत हसली होती ताई.

आता तीच गाठ सूक्ष्मदर्शकाखाली होती आणि सज्जनपणाचा मागमूस नव्हता. थायरॉइडच्या पेशी एरवी गोल रिंगण करून, हात धरून बसतात. ही गोष्ट त्यानं ताईलाही रंगवून सांगितली होती. गाठीतल्या पेशींनी हे मूळचं वळण जितकं राखलं, तितका आजार सौम्य. ते हात म्हणजे कॅडहेरिन नावाचं प्रथिन. रंग दिला की पेशींच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. ताईच्या गाठीत रेघ नव्हती. पेशी एकमेकींना ओळखही न देता वाट फुटेल तिकडे निघाल्या होत्या.

बारक्यानं खापर रंगावर फोडलं. नवी बाटली उघडायला लावली. मग काचपट्ट्या तापवायच्या भट्टीवर फोडलं. पुन्हा एकदा काचपट्टी आणून ठेवताना टेक्निशियन बाई हळूच म्हणाल्या, "सर, शेजारचा तुकडा बघा ना."

प्रत्येक पट्टीवर रुग्णाच्या तुकड्याशेजारी निरोगी थायरॉइडचा एक तुकडा ठेवायचा, म्हणजे रंग चुकला तर तो लगेच चुगली करतो. ही शिस्त बारक्याचीच. तो तुकडा दर वेळी झकास तपकिरी. रंगाची काही चूक नव्हती.

तरी बारक्या त्याच तुकड्यावर नजर लावून बसला. निदान बघायला बरं वाटत होतं.

"बारक्या, आज रिपोर्ट घेतल्याशिवाय हलणार नाही मी." दारात ताई. आवाज घोगरा, गळ्याला पट्टी. "माझंच बघतोयस ना? ऊठ."

तिला अडवणं त्याला लहानपणीही जमलं नव्हतं. ती स्टुलावर बसली, डोळे लावले.

"अगं बाई, किती देखणं. सगळ्या कशा हात धरून बसल्यात. मग ठीकच आहे की."

"हं."

तिनं हाताला लागलं ते चाक फिरवलं. काचपट्टी सरकली.

"आणि हे विस्कटलेलं कुणाचं?"

"असेल कुणाचं तरी."

"एकाच काचेवर?"

"जागा वाचते."

ताई बराच वेळ बघत राहिली. "बिचारी. तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांग बाबा. पण ते सज्जन माणूस वगैरे नको. नीट समोर बसून सांग." डोळे तिनं वर उचलले नाहीत.

बाईंनी दुसरं स्टूल सरकवलं आणि त्या बाहेर गेल्या. बारक्या ताईसमोर बसला. तोंड उघडलं, पण आत चाचपून पाहिलं तर विनोदाखेरीज काही सापडेना.