कडेची वीण

रफूवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा आधीच मालवला होता. त्याची बायको दाराशी पिशवी सावरत उभी होती.

काळ्याभोर अंधारात हिरवी जाळी लखलखत होती. एकेक घर नीट, एकही धागा सुटलेला नाही. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवणारा माणूस नकळत घरं मोजू लागला.

"हे माझं कातडं?"

"तुमचंच. पहिल्यांदा आम्ही फोडाचाच तुकडा काढला, त्यात काही दिसलं नाही. मग परवा शेजारच्या चांगल्या कातडीचा घेतला."

"मला विचारायचंत. भोकात वीण कुठून दिसणार? ती कडेला बघायची असते."

"चुकलंच आमचं," बाई हसल्या. "याला पेम्फिगस म्हणतात. शरीराचे राखणदारच बहकलेत. कातडीच्या पेशी जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथे ते चिकटून बसतात आणि टाके उसवतात. आम्ही घातलेल्या रंगामुळे ते असे चमकतायत. आजपासून गोळ्या, पुढच्या आठवड्यात सलाइनमधून औषध. वेळ लागेल, पण आटोक्यात येईल."

तो अजून बघतच होता. इतकं देखणं काहीतरी आपल्याला आतून सोलत होतं, हे त्याला पटेना. राग यायला हवा होता, पण आला नाही.

"आणि बाई, हे दुसऱ्याला लागतं का?"

"मुळीच नाही."

तोंडात पहिला फोड आला तेव्हापासून, पाच महिने, त्याने स्वतःच स्वतःला वाळीत टाकलं होतं. ताट वेगळं, कप वेगळा, अंथरूण दुकानात. बायकोने चकार शब्द काढला नव्हता. तीही घाबरली असणार, असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि ते त्याला फोडांपेक्षा जास्त झोंबत होतं.

"ऐकलंस?" तो दाराकडे वळला. "आता तो निळा कप वेगळा ठेवायला नको."

"तो वेगळा होता कधी? तुम्ही दुकानात गेलात की मी त्यातच चहा घेते. पहिल्या दिवसापासून."

"अगं, आणि लागलं असतं म्हणजे?"

"मग दोघांना लागलं असतं." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चला, गोळ्या घ्यायच्यात."

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला. रफूवाल्याने चष्मा नाकावर ओढला आणि बायकोकडे बघत राहिला. खुर्चीवरून उठायचं त्याला सुचलंच नाही.