गिरणीचा सदरा, खादीच्या शाळेत

मी गुलाबचा पांढरा सदरा बोलतोय. आज खुंटीवर असलो तरी माझी कॉलर अजून ताठ आहे.

माझं कापड पुलगावच्या गिरणीतलं. तिथं गुलाबचे वडील रामाजी सूतखात्यात, सूत कातायच्या साच्यावर काम करतात. छप्पन साली दसऱ्याला नागपूरला दीक्षेला जायचं, तर पांढरे कपडे हवेत, म्हणून त्यांनी आपल्याच गिरणीचं कापड आणून मला शिवून घेतलं. त्या दिवशी पाहावं तिकडे पांढरे कपडे होते आणि त्यांत मीही होतो! तो तोरा अजून उतरलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मॅट्रिक झालेल्या गुलाबला वर्ध्याच्या एका शाळेतून मास्तरकीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. घरात आजवर कोणी मास्तर झालं नव्हतं. पण शाळा खादीवाल्यांची, शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे खादीत. शेजारचा नत्थू कोणाचा तरी खादीचा सदराच मागून घेऊन आला.

"हा घालून जाजो. गिरणीच्या कपड्यात गेला तं दारातूनच परत धाडतीन."

गुलाबनं तो चढवला. बाह्या मनगटाच्या चार बोटं अलीकडेच संपल्या. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. रामाजी पाळीवर निघाले होते. त्यांनी पोराकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेले.

"आई, बाबा काऊन बोलले नाई?"

धुरपताबाई म्हणाल्या, "त्याईच्या हातचं सूत खुंटीले टांगून तू लोकाचं घालून चालला. काय बोलतीन?"

गुलाबनं खादी उतरवली. धुरपताबाईंनी तांब्यात निखारे घालून माझ्यावर इस्त्री फिरवली.

मुलाखतीत अध्यक्ष सदाशिवरावांची नजर आधी माझ्यावरच पडली. "ही खादी नाही."

"नाई जी. गिरणीचा आहे."

"आमचे मास्तर स्वतः कातलेलं सूत वापरतात, ठाऊक आहे ना?"

काखेत मी घामानं भिजलो होतो. गुलाबचा आवाज मात्र हलला नाही. "मी अजून कातलं नाई जी. पण यातलं सूत माह्या बाबाच्या साच्यावरचं आहे. मागून आणलेली खादी घरी होती. ते घालून आलो असतो, तं तुमाले काय सांगितलं असतं?"

सदाशिवरावांनी माझा कफ दोन बोटांत धरून सूत चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारपासून या. हा सदरा वर्षभर चालेल. तोवर चरखा शिका."

वर्षभर मी फळ्यापुढं मिरवलो. खडूनं माखलो, धुतला गेलो, पुन्हा माखलो. इकडे गुलाब रोज कातत होता. नोकरी मी मिळवून दिली आणि त्यातच माझी नोकरी गेली!

पण त्याच्या सुताची खादी आली, तेव्हा पहिला सदरा त्यानं स्वतःला शिवलाच नाही. तो रामाजींना शिवला. ते तो घालून गिरणीत गेले आणि साच्यावरच्या प्रत्येकाला बाही दाखवत म्हणाले, "माह्या मास्तरानं कातलं."

तो सदरा आता माझ्या शेजारच्या खुंटीवर असतो. माझी कोपरं विरली आहेत. धुरपताबाई, मला पोतेरं करायचं तर खुशाल करा, माझी ना नाही. फक्त एवढा दसरा होऊन जाऊ द्या. त्या दिवशी गुलाब अजूनही मलाच घालतो.