पाखाडीचा लेख

सकाळचे तिरपे ऊन पडवीच्या कठड्यावरून आत सरकू लागले, की ब्लेडने पेन्सिल तासल्याचा बारीक करकर आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि हे लिहायला बसले असे मला समजायचे. आयुष्यभर मोजणी खात्यात नकाशे काढलेल्या माणसाची बोटे ती. लांबसडक, टोकांना शिशाची करडी छटा कायमची मुरलेली, आणि कागदावर टेकताना इतकी हलकी, की कागदाला दुखेल अशी जणू त्यांना काळजी. ओळ लिहून झाली की ते मान वर करून समोरच्या फणसाकडे बघत. त्या बघण्यात एक विलक्षण शांतता असे. श्रावणातल्या दुपारी पाऊस थांबल्यावर परसात पसरते तशी.

माझे यजमान सदानंद, गावाचे सदूभाऊ. निवृत्त झाल्यावर आमच्या मुलीने, ऋताने, त्यांना ब्लॉग काढून दिला. यांना मराठी टाइप करता येत नसे. मी लग्नाआधी टायपिंगची परीक्षा दिलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आले. हे पेन्सिलीने लिहीत, मी दुपारी संगणकावर उतरवी, आणि उतरवून झाले की ते कागद दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या चुलीत जात. कागद साठवायची त्यांना हौस नव्हती. "ब्लॉगवर आहे ना? मग झालं तर," म्हणत.

ते काय लिहीत? नगरपालिकेच्या सभेला मागच्या बाकावर बसून ऐकलेले, मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाची गाडी उशिरा आली म्हणून सुरमईच्या टोपल्यांपाशी ताटकळलेल्या बायकांचे, महिनोन् महिने न लागलेल्या दिव्यांचे, बाजारातल्या एका जुन्या शिंप्याचे. रागाचा शब्द क्वचितच. पण जे पाहिले ते असे लख्ख मांडलेले असे, की वाचणाऱ्याला आपण इतके दिवस डोळे मिटून चालत होतो की काय, असे वाटावे. शहर लहान. इथे प्रत्येक नावाला एक घर असते आणि प्रत्येक घराला आमचे घर ठाऊक असते. टाइप करताना एखादे आडनाव आले की माझी बोटे अडखळत. मी मुळात भित्री. यांचे धैर्य ज्या संथपणे वाहत असे, त्याच संथपणे माझे भय त्याच्या तळाशी गाळासारखे साचत होते.

खाली खाडीकडे सुमनची वाडी आहे. सुमन मासे विकते. पंचवीस वर्षे ती आमच्या दारात येते. वाडीतून वरच्या रस्त्याला यायला जांभ्याच्या पायऱ्यांची वाट होती, आम्ही तिला पाखाडी म्हणतो. दोन्ही बाजूंना दगड रचलेले गडगे, गडग्यांवर नेचे, आणि पायऱ्या मधोमध झिजून ओंजळीसारख्या खोलगट झालेल्या. एका ऑक्टोबरात, ऊन डोक्यात भिनत असताना, सुमन टोपली उतरवून पडवीत बसली आणि म्हणाली, "भाऊ, वरची जागा कुणी घेतलीनी. पाखाडी आपल्यात घेतो म्हणतात. आमी चढायचा कुठून?"

हे दुसऱ्या दिवशी वाडीत गेले. आठवडाभर जात राहिले. म्हाताऱ्या माणसांजवळ बसले, कोणाच्या आज्याने कुठला दगड बसवला ते लिहून घेतले, पायऱ्या मोजल्या, जुन्या नकाशातली पायवाटेची दुहेरी रेघ शोधून काढली. मग लेख लिहिला. जागा घेणारा गृहस्थ एका पुढाऱ्याचा मेहुणा होता. तेही लिहिले, एका साध्या वाक्यात. मी टाइप करताना विचारले, "हे वाक्य हवंच का?"

"खरं आहे ना ते?"

"खरं असलं म्हणून काय झालं?"

ते फणसाकडे बघत राहिले. मी वाक्य ठेवले.

लेखाची लिंक फोनाफोनांतून शहरभर फिरली. चार दिवस रस्त्यात लोक यांना थांबवून नमस्कार करत होते. पाचव्या दिवशी नमस्कार कमी झाले. वाणी यांच्याशी बोलताना दुकानाबाहेर बघू लागला. आणि समोरच्या विजेच्या खांबापाशी रोज दुपारी एक मोटारसायकल उभी राहू लागली. वर बसलेला माणूस काही करत नसे, फक्त फोन बघे, मधूनच आमच्या फाटकाकडे नजर टाके. गाडी बंद असे. तरी तिचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा.

मग एका मंगळवारी पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ आला. चप्पल बाहेर काढून, वाकून नमस्कार करून पडवीत बसला. आवाज मऊ, नखे स्वच्छ. मी कोकमचे सरबत दिले तर दोन्ही हातांनी घेतले.

"भाऊ, तुमचं लिखाण आमच्या घरी सगळे वाचतात," तो म्हणाला. "फक्त हा एक लेख तेवढा काढलात तर बरं होईल. गैरसमज होतात उगीच."

"चूक काय आहे ते सांगा, मी दुरुस्त करतो," हे म्हणाले.

तो हसला. ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला. "वहिनी, सरबत फार छान. ताई शनिवारच्या दुपारच्या गाडीने येतात ना गुहागरहून? खिडकीची जागा मिळते का त्यांना?"

आमची ऋता गुहागरच्या शाळेत शिकवते. दर शनिवारी एसटीने घरी येते. तिला खिडकीपाशी बसायला आवडते हे मला ठाऊक होते, यांना ठाऊक होते. आणखी कुणाला ठाऊक असायचे कारण नव्हते.

तो गेल्यावर मी फाटकाला कडी घातली. उन्हाची पट्टी लादीवरून हळूहळू सरकत होती. भय म्हणजे अंधार, असे मी लहानपणापासून समजत आले होते. ते इतके स्वच्छ, इस्त्रीचे आणि उजेडात बसणारे असू शकते हे मला त्या दिवशी कळले.

"पोलिसांत सांगू या," मी म्हटले.

"काय सांगणार? सरबत आवडलं म्हणाला?"

पुढचे तीन दिवस मी घर ऐकत जगले. फाटकाची कडी, माडाची झावळी पडणे, पोस्टमनची सायकल, प्रत्येक आवाजाला आधी भीतीचा रंग लागायचा आणि मग त्याचा खरा अर्थ उमटायचा. ऋताला फोन करून मी येऊ नकोस म्हटले. ती हसली. "आई, काहीतरीच काय! मी येतेय." कारण सांगायचे माझ्याने झाले नाही. कारण उच्चारले तर ते खरे होईल असे वाटत होते.

शनिवारी जेवण झाल्यावर हे आडवे झाले. त्यांचा श्वास संथ लागला. मी संगणकापाशी बसले. पासवर्ड मलाच माहीत होता, कारण तो मीच ठेवला होता. पडद्यावर यांचा लेख होता, पाखाडीच्या फोटोंसह, म्हाताऱ्यांच्या बोलण्यासह, त्या एका वाक्यासह. मी तो पुन्हा वाचला नाही. वाचला असता तर हात उठला नसता. लेख काढला, फोटो काढले, राहिलेली कच्ची प्रतही पुसली. सगळे मिळून एक मिनिटही लागले नाही.

हे उठले, चहा घेतला, संगणक उघडला. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "शुभा, पान उघडत नाहीये."

"मी काढलं," मी म्हटले.

ते वळले. त्या नजरेत राग असता तर मी सुटले असते. तिच्यात एखाद्या माणसाने लांबचा प्रवास अर्ध्यात सोडून उतरावे तसे काहीतरी होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

"गाडी आली असेल. मी स्टँडवर जातो तिला आणायला."

इतक्या वर्षांत ते तिला आणायला कधी गेले नव्हते. चप्पल त्यांनी दोनदा उलट्या पायात घातली. तीन दिवस हा माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मोटारसायकल यायची थांबली. महिन्याभरात पाखाडीच्या तोंडाशी चिऱ्याची भिंत उभी राहिली. वाडीतल्या बायका लांबच्या डांबरी रस्त्याने टोपल्या घेऊन येऊ लागल्या. सुमनची सासू मात्र पुन्हा कधी वर आली नाही, तिचे गुडघे त्या रस्त्याला पुरे पडत नव्हते. सुमन दारात येई, मासे देई, लेखाबद्दल एक अक्षर बोलत नसे. तिच्या त्या न बोलण्यात किती समजूत होती आणि किती दुखावलेपण, हे मोजायचे धाडस मला झाले नाही.

हे लिहीत राहिले. आरे-वारेच्या रस्त्यावरून दिसणारा दुपारचा समुद्र, मळभातले आंबे, गडग्यातले पक्षी. लोक म्हणत, भाऊंचे लिखाण आता फार गोड झाले आहे. मी ते निमूट टाइप करी. एकदाच, मागीलदारी कोकमाची सोलं वाळत घालताना, ते आपणहून म्हणाले, "तू काढलंस ते बरं केलंस असं मी म्हणणार नाही. पण मी ठेवला असता की नाही, तेही मला सांगता येत नाही." आणि पुन्हा सोलं पसरत राहिले. दर शनिवारी स्टँडवर जाणे त्यांनी शेवटपर्यंत चुकवले नाही.

मोहोराच्या दिवसांत, एका दुपारी, झोपेतच ते गेले. छातीवर ठेवलेला हात तसाच होता.

यंदा दिवाळीनंतर सुमन आली. टोपली नव्हती. पायरीवर बसून पदराने तोंड पुसत म्हणाली, "वयनी, वाडी कोर्टात जातेय. नकाशा कचेरीतनं मिळाला. पण वाट आमची जुनी हाय ह्या सांगणारी माणसा आता नाय ऱ्हायली. भाऊंनी त्यांचा लिवलानी व्हता. ता हाय काय कुठं?"

"नाही," मी म्हटले. "मीच काढून टाकला तो. तेव्हा."

"ठाव हाय," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. "तुमी टाइप केलात ना? तुमास्नी काय आठवतंय का बघा."

ती गेल्यावर मी संगणक सुरू केला. पहिले वाक्य लगेच आले. मग दुसरे. यांची वाक्ये माझ्या बोटांत होती. डोक्याला विचारायला गेले की हरवत, बोटे चालू ठेवली की आपोआप उतरत. म्हातारे एकेक करून बोलू लागले, दगड एकेक करून बसू लागले. मधेच रस्त्यावरून मोटारसायकल गेली आणि माझे हात कळफलकावर गोठले. ती गेल्यावरही काही वेळ गोठलेलेच राहिले. मग मी मेहुण्याचे ते वाक्य टाइप केले. भय गेलेले नव्हते. ते शेजारी बसून सगळे वाचत होते.

संध्याकाळी ऋताला फोन करून सगळे सांगितले. त्या मंगळवारचेही. तिने त्या माणसाचे बोलणे मला पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाली, "बाबा स्टँडवर का यायचे ते मला कुणी सांगितलंच नाही." आणि नंतर, "दे तो त्यांना, आई. तुझ्या सहीने दे."

मी सही केली. लेख सुमनच्या हाती दिला. फक्त त्याचे अखेरचे वाक्य मला आठवले नाही. दहा वेळा बोटे टेकवली, दहा वेळा ती तिथेच थांबली. वाडीत यांनी लेख वाचून दाखवला होता, म्हणून सुमनला विचारले. ती म्हणाली, "शबूद नाय आठवत. पण ता वाचताना भाऊंचा आवाज बसला व्हता."

म्हणून कागदाच्या तळाशी मी एका ओळीची जागा कोरी सोडली आहे. हे गेले त्याला आता दुसरा मोहोर येईल. दिवसांनी त्यांचे नसणे बोथट होत चालले आहे, पण ती एक ओळ काही केल्या आठवत नाही, आणि तिचे ते न आठवणेच आता त्यांची माझ्यापाशी उरलेली सर्वांत जागी आठवण आहे.