एक सोडून एक

डॉक्टर हासेलार जिन्याच्या चौथ्या पायरीवर गुडघे टेकून बसला होता आणि कठड्याच्या एका लाकडी खांबाला बारीक सुरीने खरवडत होता. नेल्चे खाली संगमरवरी फरशीवर किल्ल्यांचा जुडगा धरून उभी होती. सुरीखालून पडणारा भुगा तिने सकाळीच पुसलेल्या पायरीवर पडत होता, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्या भुग्याकडे बघत होती.

हा औषधाचा डॉक्टर नव्हता. जुन्या घरांचा होता. लायडनच्या कालव्यावरचं हे ‘सोनेरी बगळा’ नावाचं घर मालकीणबाई गेल्यावर एका संस्थेने विकत घेतलं होतं, आणि ते सतराशे चाळीस साली होतं तसं करायचं म्हणून याला धाडलं होतं. सकाळपासून तो नेल्चेला तिचंच घर समजावून सांगत होता. पुढची दगडी दर्शनी भिंत, तिच्यावरच्या फळांच्या माळा, छपराखालचा मुलामा दिलेला बगळा, हे सगळं एका लोकरीच्या व्यापाऱ्याने जुन्या वाकड्या विटांच्या घराला पुढून चिकटवलं, हे त्याने मोठ्या शोधासारखं सांगितलं. नेल्चे चौदाव्या वर्षी इथे कामाला लागली होती. ज्या घराचे कपडे परसात वाळत घालायचे, त्याची पाठ विटांची आहे हे कळायला पदवी लागत नाही. छतावरच्या चुन्याच्या देवींपैकी कुणाच्या काखेत किती जाळी धरतात, तेही तिला ठाऊक होतं. तो मात्र मान मोडून वर बघत होता आणि “अप्रतिम” म्हणत होता. जाळ्यांसकट.

दहा वाजता तिने त्याला कॉफी दिली होती. डबा पुढे केला, रीतीप्रमाणे त्याने एक बिस्किट घेतलं, तिने झाकण लावायला हात नेला तर याने आणखी एक उचललं. तिथेच त्याची किंमत झाली. मालकीणबाईंच्या चाळीस वर्षांत या घरात मोठमोठे लोक येऊन गेले, पण झाकणाखालून दुसरं बिस्किट काढणारा हा पहिला.

“बाई, वर या,” तो म्हणाला. “हे बघा.”

ती आली. त्याने खरवडलेल्या जागी रंगांच्या बारीक पायऱ्या दिसत होत्या. मळ, मग पांढरा, राखाडी, हिरवा, पिवळट, पुन्हा राखाडी, तळाशी तपकिरी.

“सहा थर. म्हणजे निदान पाच-सहा पिढ्या. हा अस्सल आहे. सतराशे चाळीसचा.”

नेल्चे त्या खांबाकडे बघत राहिली. तो तिच्या नवऱ्याने, वाउटरने, केला होता, एकोणीसशे सेहेचाळीस साली.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात शहरात कोळसा उरला नव्हता. लोकांनी कालव्याकाठची झाडं तोडली, मग दारं जाळली. मालकीणबाईंनी जिन्याचा कठडा जाळायला सांगितला, पण त्यातही नीटनेटकेपणा ठेवला. एक सोडून एक खांब काढायचा, म्हणजे कठडा उभा राहील आणि आलेल्या माणसाला लाज दिसणार नाही. चव्वेचाळीस खांबांतले बावीस नेल्चेने स्वतःच्या हाताने चुलीत घातले. युद्ध संपल्यावर ते बावीस वाउटरने पुन्हा कोरले. तो गोदीत नावा बांधणारा सुतार. त्यांच्यावरची नक्षीची पानं कोरत, एकेका खांबाला एकेक आठवडा घालत त्याने दोन हिवाळे घालवले. रंग तेव्हा कुठे मिळत नव्हता. पोटमाळ्यावरच्या जुन्या डब्यांचे तळ खरवडून त्याने एकावर एक सहा हात दिले, ज्या दिवशी जो डबा उघडला त्या रंगाचे. नेल्चे तेव्हा शेजारणींत हसली होती. वाउटरची बावीस बाळं, म्हणायची. इतर बायकांचे नवरे त्या दोन वर्षांत घर उभं करत होते, हिचा पानं कोरत बसला होता.

“आणि हे?” तिने शेजारच्या खांबावर बोट ठेवलं. तो उघडा, फिका, लाकूडच लाकूड.

“हे मागाहून बसवलेत. कारखान्यातला माल असावा. नक्षीला धार नाही, रंगाचा पत्ता नाही. एक सोडून एक, म्हणजे दुरुस्तीच झाली असणार. हे बावीस उद्या काढायचे आणि अस्सलांसारखे नवे करायचे.”

त्या खांबांना धार नव्हती, कारण ती नेल्चेने घासून काढली होती. तीस वर्षं दर शनिवारी तिने ते धुण्याच्या सोड्याने आणि ब्रशाने घासले, आधी रंग गेला, मग पानांच्या कडा गेल्या, आणि मालकीणबाई दर शनिवारी म्हणाल्या, कसं स्वच्छ. फक्त जुनेच घासले. वाउटरच्यांना तिने कधी फडकंसुद्धा लावलं नाही. मी घराची नोकर आहे, नवऱ्याच्या छंदाची नाही, असं तिने पहिल्याच शनिवारी स्वतःला सांगितलं होतं, आणि एकदा सांगितलेलं ती मोडत नसे.

“तुम्ही इथे खूप वर्षं होतात,” डॉक्टर म्हणाला. “हे कधी बदलले, काही कानावर आलं होतं?”

आता सांगितलं तर उद्या वाउटरचे निघतील. नाही सांगितलं तर या घराचे निघतील, ज्यांच्यासाठी तिने हाताची कातडी घालवली होती. आणि सांगायचं तर अर्धा जिना तीस वर्षं मळका ठेवला हेही सांगावं लागेल, या दोन बिस्किटं खाणाऱ्याला.

“मी पायऱ्यांखालच्या नोकरांच्या दाराने यायचे,” ती म्हणाली. “माझं काम पुसायचं. मोजायचं नाही.”

“बरं झालं, यांना पुसलं नाहीत. मळानेच राखले बघा.”

पुसलं नाही म्हणून शाबासकी; लायडनमध्ये कुठल्याही बाईला कुणी असं बोललं नसेल. किल्ल्यांचा जुडगा एकदा वाजला आणि गप्प झाला.

डॉक्टर अजून त्या पानांवरून बोट फिरवत होता. हा एकाच कारागिराचा हात आहे, म्हणाला. त्याचं नाव मिळालं असतं तर आपण पुस्तकात घातलं असतं. अख्ख्या शहरात असा हात दुसरा नाही.

“काढलेल्यांचं काय करणार?” नेल्चेने विचारलं.

“फेकायचे.”

“मग मला द्या. चुलीला होतील.”

तो हसला आणि घेऊन जा म्हणाला. मग बरोबर आणलेल्या मिस्त्रीला हळूच सांगितलं, की युद्ध पाहिलेली ही माणसं, लाकूड दिसलं की यांना राहवत नाही. नेल्चेला सगळं ऐकू आलं. हळू कसं बोलायचं हेही त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीने हातगाडी मागच्या गल्लीत आणून नेल्चेच्या दोन खोल्यांच्या दाराशी लावली. वाउटर खिडकीशी बसला होता. सांधे धरल्यापासून त्याची बोटं पुरती मिटत नसत. खांब आत आले तसा त्याने एक मांडीवर घेतला आणि अंगठा झिजलेल्या पानांवरून वर नेला.

“नेल्चे, हे जुने आहेत.”

“ठाऊक आहे मला.”

“मग तिथे काय उरलं?”

“तुझे.”

तिने चहाचं पाणी ठेवलं. चुकलं त्यांचं, वाउटर म्हणाला, जाऊन सांगायला हवं.

“काय सांगू? तीस वर्षं अर्धाच जिना पुसला म्हणून?”

वाउटरने मान वर केली. तो त्या घराच्या जिन्यावर काम संपल्या दिवसानंतर कधी चढला नव्हता. सुतार माणूस, त्याला कोण बोलावणार.

“अर्धा म्हणजे? माझे नाही पुसलेस?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. एकदाही नाही, म्हणाली. मग खांब उचलून पलंगाखाली सरकवायला लागली, एकेक, भिंतीपर्यंत, चुलीपासून लांब. एकविसावा खांब सरकवताना तिथूनच बोलली.

“तो दीडशहाणा म्हणतो, अख्ख्या शहरात असा हात दुसरा नाही.”

“कुणाचा हात?”

“सतराशे चाळीसच्या कारागिराचा.”

वाउटर मांडीवरच्या खांबाकडे बघत राहिला. नेल्चेने चहा आणला, डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक बिस्किट घेतलं. ती शेवटचा खांब त्याच्या मांडीवरून उचलायला वाकली, तो पलंगाखाली ठेवला आणि परत येऊन समोर बसली.

डबा उघडाच होता. वाउटरने आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“झाकण,” तो म्हणाला.

“असू दे,” नेल्चे म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत चहा ढवळत राहिली.